निशाची सासू

"सर, आज माझी सासू काय करते?" लावण्याने दारातून विचारलं.

सात छत्तीस झाले होते. सात चाळीसला तिचा फोन लागायचा होता आणि माझ्यासमोरचा कागद कोरा होता.

"भाजीत तिखट ओतते," मी म्हटलं.

"ते मंगळवारी झालं."

"मग पहाटे पाचला भांडी आपटते."

"कशाला?"

"सून झोपलेली असते म्हणून."

"काय बाई आहे," लावण्या म्हणाली आणि हात पुढे केला.

मी चार ओळी खरडून दिल्या. त्या घेऊन ती स्टोअररूममध्ये गेली. तिथे श्रोत्यांना वाटायच्या मगांची खोकी होती आणि एका खोक्यावर जादाचा टेलिफोन. तिने दार लावून घेतलं. थोड्या वेळाने माझ्या टेबलावरच्या स्पीकरमधून आरजे सनी म्हणाला, "बोल की गं, कोण बोलतंय?" त्यावर लावण्याच्या आवाजाहून बराच बारीक, रडू आणि हसू यांच्या मधोमध थांबलेला आवाज आला, "मी निशा. जुळे सोलापूरहून. आज तर हद्दच झाली बघ सनी."

ही २००९ सालची गोष्ट. आमच्या स्टेशनचं नाव रेडिओ चटक. 'एकदा ऐकाल, चटक लागेल' ही ओळ माझी. मराठी घेऊन एम.ए. झाल्यावर सहा वर्षांत मी लिहिलेली आणि लोकांच्या तोंडी बसलेली ही एकमेव ओळ. बसली, कारण ती तासाला आठ वेळा वाजायची. सनीचं खरं नाव सिद्राम. पण सिद्राम हे नाव ऐकून तरुणांना सकाळी ताजंतवानं वाटत नाही, असं पुण्याहून आलेल्या आमच्या प्रमुख केतकी मॅडमचं मत होतं. काही दिवसांनी सिद्रामचंही तेच मत झालं.

'बोल की गं' हा सकाळच्या कार्यक्रमातला मुख्य भाग. सनीने एक प्रश्न विचारायचा, श्रोत्यांनी फोन करून मत द्यायचं. अडचण अशी होती की सोलापूरच्या माणसाला एकाच विषयावर मत होतं. नळाला चार दिवसांनी पाणी यायचं. 'पहिलं प्रेम विसरता येतं का?' असं विचारलं तर एक गृहस्थ म्हणाले, येतं की, पाण्याचा वार तेवढा विसरता येत नाही. 'मुलींनी जीन्स घालावी का?' यावर एक बाई म्हणाल्या, घालू दे बापडी, धुणार कशात ते तिला विचारा.

"हे मत नाही, ही तक्रार आहे," केतकी मॅडम मला म्हणाल्या. "लोकांना सकाळी उठून तक्रार नको असते. हत्तुरे, तुम्ही खरे वाटणारे श्रोते लिहा."

"हे खरेच आहेत की मॅडम."

"वाटणारे म्हटलं मी."

म्हणून मी निशा लिहिली. निशाचीही सगळी तक्रारच होती, पण ती ऐकून कुणाला महापालिका आठवत नव्हती. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि सासू या विषयावरचा माझा अभ्यास संध्याकाळच्या मालिकांपुरता होता. तेवढा पुरला. तिसऱ्या आठवड्यापासून दुकानदार शटर उघडता उघडता एकमेकांना विचारू लागले, आज म्हातारीने काय केलं रे.

आवाज लावण्याचा, कारण सातच्या आत ऑफिसात पोचणारी ती एकटीच बाई. ती आमची रिसेप्शनिस्ट. लावण्या चिट्याल, वय चोवीस, बी.कॉम. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत तिचं सासर. नवरा अंबादास यंत्रमागावर कामाला. माग चालू असला की माणसाला शेजारच्याचं ऐकू येत नाही, त्यामुळे रेडिओशी त्याचा संबंध नव्हता. आठ महिन्यांची मुलगी होती. तिला सासू सांभाळायची, नरसव्वा. पायाने पाळण्याची दोरी ओढायची आणि मांडीवरच्या सुपात विड्या वळायची.

निशा कोण आहे हे घरी सांगायचं नाही, अशी मॅडमची लेखी अट होती. लावण्याने सही केली होती.

"आमच्या अत्तम्मा नाहीत हो अशा," चहा पिताना ती मला म्हणायची. अत्तम्मा म्हणजे सासू. "आमच्या बोळात सून आली की वर्षभरात सासू तिच्या हातात विडीचं कार्ड देते. कार्ड म्हणजे कारखान्यातली नोंद. घरात एकीने तरी ते चालू ठेवायचं असतं, नाहीतर सगळं जातं, फंड, दवाखाना. सासूनंतर सुनेने वळायचं, रीतच आहे. अत्तम्मा दहा वर्षांच्या असल्यापासून वळतात. माझ्या वेळी सगळ्या जणी म्हणाल्या, दे आता पोरीकडे. तर म्हणाल्या, हिची बोटं मी तंबाखूत घालणार नाही, ही शिकलीय."

"मग तू सुखी आहेस."

"आहे की."

"तुझा आम्हाला काही उपयोग नाही."

ती हसली. मग कप ठेवताना म्हणाली, "पण हल्ली काहीतरी बिनसलंय त्यांचं. परवापासून स्वयंपाकात तिखटच घालत नाहीत. आमटी म्हणजे नुसतं पिवळं पाणी. विचारलं तर म्हणतात, पित्त झालंय."

"झालं असेल."

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "आता पहाटे भांडी घेऊन बाहेर बोळात जातात, अंधारात. मोरी असताना. मी म्हटलं थंडी आहे, तर म्हणतात बाहेर हवा चांगली."

मी तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या ओळी लिहीत होतो. ऐकलं आणि सोडून दिलं. एम.ए.ला आम्हाला कार्यकारणभाव असा वेगळा पेपर नव्हता.

डिसेंबरात मुंबईच्या मुख्य ऑफिसातून फर्मान आलं की प्रत्येकाने एका वस्तीत जाऊन लोक सकाळी काय ऐकतात ते बघायचं, फॉर्म भरून घ्यायचे, फोटो काढायचे.

"आमच्या बोळात जा सर," लावण्या म्हणाली. "सगळ्या बायका आपलंच लावतात. फक्त मला निशा म्हणू नका तिथं."

केतकी मॅडमचं मत पडलं की विड्या वळणाऱ्या बायका हे आपलं मार्केट नाही, पण फोटो छान येतील.

मी गेलो तेव्हा सव्वासात वाजले होते. बोळ अरुंद, दोन्हीकडे ओटे, प्रत्येक ओट्यावर एक बाई, मांडीवर सूप. ओली पानं पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू, वळायची, दोरा. हात बघितले तर वाटावं, बाई दुसरीकडेच कुठेतरी आहे. एका खिडकीच्या गजाला रेडिओ बांधला होता, बोळभर ऐकू जाईल इतका मोठा.

"कोण ओ तुम्ही?" एकीने विचारलं. तिचं नाव बालमणी, हे फॉर्म भरताना कळलं.

"रेडिओ चटकमधून आलोय. तुम्ही सकाळी काय ऐकता ते विचारायला."

"म्हणजे आमच्या लावण्याच्या ऑफिसातले. बसा की. नरसव्वा, तुझ्या सुनेचे साहेब आलेत बघ."

समोरच्या ओट्यावरची बारीकशी बाई उठून उभी राहिली, पदर सारखा केला, आणि पुन्हा बसून वळायला लागली. आत पाळणा दिसत होता. त्याची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती.

"सगळ्यात जास्त काय आवडतं?" मी फॉर्ममधला चौथा प्रश्न विचारला.

"निशा," बालमणी म्हणाली.

"का आवडते?"

"ओळखीची वाटते."

यावर सगळ्या बायका खाली बघून हसल्या. मी लिहून घेतलं, 'श्रोत्यांशी जवळीक'.

मग सनीने साद घातली आणि निशा आली. त्या दिवशीच्या ओळी मी आदल्या दुपारीच देऊन ठेवल्या होत्या. सासू बाळाला रात्री स्वतःजवळ घेते, आईच्या कुशीत झोपू देत नाही, माझंच लेकरू आणि मीच पाहुणी, असं निशा म्हणाली. बोळातली एकही कात्री वाजत नव्हती. निशाचं संपलं, गाणं लागलं, आणि सगळ्या माना एकाच ओट्याकडे वळल्या.

"ऐकलंस का नरसव्वा," बालमणी म्हणाली. "लेकरूसुद्धा सोडत नाहीस तू."

"कैदाशीण आहे ही."

"काल तिखट, आज लेकरू. उद्या काय करणारेस, सांगून ठेव."

नरसव्वाही हसत होती. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढीच. मग तिने अंगठ्याची दोरी सोडली आणि मला म्हणाली, "साहेब, पाणी घ्या आत येऊन."

आत एक खोली, मागे चूल. तिने तांब्या दिला आणि दार अर्धं लोटलं.

"तुम्ही तिथंच असता ना, ती बोलते तेव्हा?"

"कोण?"

"माझी सून की. रडते का ओ बोलताना? इथं नीट कळत नाही."

मी म्हटलं, "ती निशा आहे मावशी. जुळे सोलापूरची."

"आवाज बारीक केला म्हणून काय झालं. पाळण्याशी बोलताना असाच बारीक करते ती. पहिल्याच दिवशी ओळखला मी. बोळाने नंतर ओळखला." तिने पाळण्यात डोकावून बघितलं. "एक वर्ष झालं लग्न होऊन तर हो अत्तम्मा, नाही अत्तम्मा. दुसरं वर्ष तेच. मला वाटलं, सुखात आहे पोरगी. तुमचा रेडिओ नसता तर मला कळलंच नसतं."

"मावशी, ते सगळं गमतीचं असतं."

"गमतीत बोलतात तेच मनातलं असतं साहेब. तोंडावर कोण बोलतंय. तिखट बंद केलं मी. भांडी बाहेर घासते. आता आजपासून बाळ रात्री तिच्याकडे देईन. मला वाटलं, दिवसभर काम करून येते, झोपू दे तिला, म्हणून मी घेत होते. तिला असं वाटत असेल हे मला कुठं माहीत."

ते मी लिहितो. तीन शब्द. ते तोंडापर्यंत आले होते हे मी शपथेवर सांगू शकतो. पण दाराबाहेर सात बायका होत्या, त्यांतली प्रत्येक जण चार घरी सांगणार, आणि आठवड्याभरात शहराला कळणार की निशा नावाची बाई नाही, हत्तुरे नावाचा एक अविवाहित इसम आहे. मी पाणी प्यायलो.

"तिला सांगू नका, मला कळतं म्हणून," नरसव्वा म्हणाली. "लाजेल. मग बोलायची बंद होईल. मग मला कसं कळणार?"

"नाही सांगत."

"शब्द द्या."

"दिला."

तिचा फॉर्म मी तिथेच भरला. आवडता कार्यक्रम: बोल की गं. ऐकण्याचं कारण: माहिती मिळते.

त्यानंतर लावण्या लाल डोळ्यांनी ऑफिसला येऊ लागली. बाळ रात्रभर रडायचं, त्याला आजीच्या अंगाची सवय. "मी म्हणते घ्या, तर घेत नाहीत," ती म्हणाली. "पलीकडे जाग्या असतात, मला कळतं ना. पण घेत नाहीत. काय झालं असेल हो सर?"

"वय," मी म्हटलं.

माझा शब्द मी पाळला. आयुष्यात मी इतक्या काटेकोरपणे पाळलेला दुसरा शब्द आठवत नाही.

जानेवारीत केतकी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मुंबईला निशाचा क्लायमॅक्स हवाय. तीन दिवस मतदान. 'निशाने सासूपासून वेगळं व्हावं का?' हो किंवा नाही, एसएमएस करा."

"जरा जास्त होईल का मॅडम? एखाद्या घरात खरंच..."

"खरंच काय?"

"काही नाही."

"पुण्याच्या स्टेशनला सीनियर कॉपीरायटर हवाय," त्या म्हणाल्या. "मी तुमचं नाव निशाच्या जिवावर पुढे केलंय. आता नीट लिहा."

मी नीट लिहिलं. 'मला त्यांच्याशी भांडायचं नाही सनी. मला फक्त एकदा माझ्या घरात मोकळा श्वास घ्यायचाय. त्या असताना तो येत नाही.' ओळ चांगली झाली होती. सोळा वर्षांनी वाचली तरी चांगलीच आहे.

लावण्याने कागद दोनदा वाचला. "सर, हे कसंतरीच वाटतंय. कुणाची तरी सासू ऐकत असेल."

"ऐकणाऱ्याला कळतं, गंमत आहे."

"कळतं ना?"

"सोलापूरचा माणूस हुशार आहे."

ती स्टोअररूममध्ये गेली. तिने ती ओळ इतकी सुंदर म्हटली की सनीला पुढचं वाक्य सुचेना आणि त्याने गाणं लावलं.

तीन दिवस फोन थांबले नाहीत. एक वकील म्हणाले, कायदाही सुनेच्याच बाजूने आहे. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, म्हाताऱ्या माणसांनी आपलं आपण ओळखून बाजूला व्हावं, कुणाला सांगायची वेळ आणू नये. एका कॉलेजच्या मुलीने म्हातारीला काशीला पाठवा म्हणून सुचवलं. तीन दिवसांत एकाही माणसाने पाण्याचं नाव काढलं नाही. एक्क्याऐंशी टक्के लोकांचं मत पडलं की निशाने वेगळं व्हावं. शुक्रवारी सनीने निकाल जाहीर केला, टाळ्यांची रेकॉर्ड वाजवली आणि मॅडमनी सगळ्यांना खव्याची बर्फी दिली. लावण्याने आपली कागदात बांधून घरी नेली.

सोमवारी ती साडेआठला आली. पहिल्यांदाच उशीर. कडेवर मुलगी होती.

"अत्तम्मा गेल्या," ती म्हणाली.

माझ्या चेहऱ्यावर काय आलं कुणास ठाऊक. तिने घाईने सांगितलं, "म्हणजे गावी. काल. आंध्रात त्यांचा भाऊ आहे, एकटाच असतो. कधी नाही ते म्हणाल्या, मी त्याच्याकडे राहणार आता. हे हैदराबादच्या गाडीत बसवून आले. कपडे दोनच घेतले. जाताना विडीचं कार्ड माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, हे कशाला, तुम्ही येणार ना? तर डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, घर तुझं आहे, मोकळी राहा. मोकळी म्हणाल्या सर. निशाचं ऐकत असतील का हो त्या?"

"तुझा आवाज बदललेला असतो."

"हो ना," ती म्हणाली. "बदललेलाच असतो."

अकरा दिवस तिने मुलीला ऑफिसात आणलं. स्टोअररूममध्ये मगांच्या खोक्यांमध्ये चादर घालून झोपवायची. बाराव्या दिवशी सनी रेडिओवर बोलत असताना मुलगी रडली आणि ते शहरभर ऐकू गेलं. "हे पाळणाघर नाही," मॅडम म्हणाल्या, फार वाईट बोलल्या असं नाही. लावण्याने दुपारी राजीनामा लिहिला. तोही तिने मलाच दाखवला, शुद्धलेखन बघायला.

निशाला दुसरा आवाज मिळाला, कॉलेजातल्या एका मुलीचा. फक्त एका श्रोत्याने विचारलं की निशाला सर्दी झालीय का. पण वेगळी राहिल्यावर निशा सुखी झाली होती, आणि सुखी बाईचं कोण ऐकतं. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही तिला बंद केलं.

मार्चमध्ये पुण्याचं पत्र माझ्या हातात पडलं. त्याच आठवड्यात लावण्या आली. रिसेप्शनवर नवी मुलगी होती. लावण्या तिच्यासमोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली होती, मुलगी मांडीवर. बोटांची टोकं पिवळी-तपकिरी झाली होती. तिने ती मुलीच्या फ्रॉकमागे धरली होती.

"चाललंय का?" मी विचारलं.

"सहाशे विड्या होतात दिवसाला. अत्तम्मा हजार करायच्या." मग ती म्हणाली, "बोळातल्या बायकांनी मला सगळं सांगितलं सर. पहिल्या दिवसापासून अत्तम्मांना माहीत होतं. रोज बसून ऐकायच्या म्हणे. मी जे बोलायची ते घरात सुधारायच्या."

मी नव्या मुलीला चहा सांगितला.

"मी अत्तम्मांच्या भावाच्या घरी फोन केला. रडले, म्हटलं ते खोटं होतं, लिहिलेलं होतं, परत या. तर म्हणतात, फोनवर तू गोडच बोलणार, तुझा स्वभावच तो. मनातलं मी रेडिओवर ऐकलंय. मी म्हटलं, अहो ते सर लिहितात. तर म्हणाल्या, ते साहेब माझ्या घरी येऊन बसले, पाणी प्यायले. ते लिहीत असते तर मला बोलले नसते का? चांगला माणूस आहे तो."

जिन्यातून सनी गुणगुणत खाली गेला. लावण्याने तो जाईपर्यंत वाट बघितली.

"तुम्हाला त्या काही बोलल्या होत्या का सर, तेव्हा?"

"नाही गं. फॉर्म भरला फक्त."

"तेच म्हटलं मी. बोलल्या असत्या तर तुम्ही मला सांगितलंच असतं." तिने मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "मला एक मिनिट द्या सर, रेडिओवर. निशा म्हणूनच. सनीशी बोलू दे. 'माझं चुकलं, माझ्या सासूसारखी सासू नाही, त्यांनी घरी यावं,' एवढंच. तिकडे आपलं स्टेशन लागत नाही, ते माहितेय मला. मी मोबाईलवर रेकॉर्ड करते, आमचे हे घेऊन जातील. पण सनीचा आवाज पाहिजे, पुढे-मागे गाणं पाहिजे. रेडिओवर आलंय म्हटल्यावर त्या मानतील. दुसऱ्या कशाने मानायच्या नाहीत."

"केतकी मॅडमना विचारावं लागेल."

"विचारा ना. मी उद्या येते."

जिना चढताना माझ्या डोक्यात एवढंच होतं की नरसव्वा परत आली, तर पहिल्याच दिवशी सासू-सुनांचं सविस्तर बोलणं होणार, आणि त्या बोलण्यात पाण्याचा तांब्या येणार, अर्धं लोटलेलं दार येणार, आणि मी दिलेला शब्द.

दुसऱ्या दिवशी लावण्या दहाच्या ठोक्याला आली. मी खाली गेलो.

"मॅडम नाही म्हणाल्या," मी म्हटलं.

तिने मुलीला कडेवर घेतलं.

"निशा बंद झालीय ना. परत आणायची नाही असं वरून आलंय. मी खूप सांगून बघितलं."

"एकच मिनिट होतं."

"तेच म्हटलं मी."

"पुन्हा एकदा विचारता येईल का?"

"दोनदा विचारलं."

तिने मान हलवली. मुलगी माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन ओढत होती. लावण्याने तिचं बोट हळूच सोडवलं. "जाऊ दे. तुम्ही माझ्यासाठी एवढं बोललात तरी. कोण बोलतं हो." मग मुलीचा हात धरून माझ्याकडे हलवला. "सरांना टाटा कर."

वर आलो तेव्हा केतकी मॅडम खिडकीशी उभ्या होत्या.

"लावण्या होती ना ती? बरं झालं आली. मुंबईवाले विचारतायत, निशा परत सुरू करता येईल का, सासूशी समेट वगैरे दाखवून. जुनाच आवाज पाहिजे म्हणतात. काय म्हणत होती ती?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहज आली होती."